पत्रे लागण्याआधी: मोठ्या बांधकामांच्या काळात शहराची वाहतूक कशी सांभाळायची

रात्री अकरा-साडेअकराला ट्रक येतो, बांधकामाभोवती उभे करायचे लोखंडी पत्रे उतरतात, क्रेनचा दिवा फिरत राहतो आणि पहाटेपर्यंत रस्त्याच्या मधला नऊ मीटरांचा पट्टा शहराच्या हातून गेलेला असतो. सकाळी नऊला कोंडी. फोन सुरू होतात: "पत्रे मागे घ्या." अशा सकाळी मी पत्र्यांपाशी थांबत नाही. रांगेच्या तोंडाकडे चालत सुटतो. दहापैकी सात-आठ वेळा ते तोंड पत्र्यांपाशी नसतंच. ते तीन-चारशे मीटर पुढच्या चौकात सापडतं. तिथे सिग्नलचं वेळापत्रक जुनंच असतं, थांबरेषेजवळ एक टेम्पो माल उतरवत असतो आणि वळणाऱ्या गाड्यांनी सरळ जाणाऱ्यांची वाट अडवलेली असते.

मेट्रोचे खांब असोत, उड्डाणपूल असो, भुयारी स्थानकाची खोदाई असो की मोठी जलवाहिनी, खालच्या सगळ्या पायऱ्यांमागे एवढीच समजूत आहे: रस्ता किती रुंद उरला हा दुसरा प्रश्न, पुढचा चौक किती गाड्या सोडतो हा पहिला. दुसरं म्हणजे, वाहतुकीचं काम पत्रे लागल्यावर सुरू झालं तर उशीर झालेलाच असतो.

पायरी १: मोजा, आणि योग्य दिवशी मोजा

"इथे फार गर्दी असते" ही माहिती नव्हे. कामाच्या पट्ट्यातल्या आणि दोन्ही बाजूंच्या पर्यायी रस्त्यांवरच्या प्रत्येक महत्त्वाच्या चौकात वळणांनुसार मोजणी हवी: कोणत्या हातावरून, म्हणजे चौकाला मिळणाऱ्या कोणत्या रस्त्यावरून, किती गाड्या आल्या, किती सरळ गेल्या, किती वळल्या. दर पंधरा मिनिटांचा आकडा वेगळा लिहावा. तासाच्या सरासरीत शाळा सुटतानाची ती नेमकी पंधरा मिनिटं बुडून जातात, आणि चौक बंद पडतो तो त्याच पंधरा मिनिटांत. आठवड्यातले मधले तीन कामाचे दिवस निवडा. सुट्टीच्या काळात, परीक्षांच्या दिवसांत किंवा शेजारचा रस्ता दुसऱ्या कामासाठी बंद असताना केलेली मोजणी फेकून द्यायच्या लायकीची.

गाड्यांचे प्रकार वेगळे मोजा. दुचाकी, कार आणि बस यांना एकच मोजमाप लावून चालत नाही. म्हणून सगळ्यांचं रूपांतर पीसीयूमध्ये, म्हणजे 'प्रवासी कार एककां'मध्ये करतात.

गाड्यांबरोबर माणसंही मोजा. बसमध्ये किती आहेत, रस्ता कुठून ओलांडतात, किती वृद्ध, किती मुलं. आणि कडेला काय चालतं त्याची यादी करा: कोणत्या दुकानात किती वाजता माल उतरतो, रुग्णालयाचं फाटक कुठे उघडतं, टॅक्सी कुठे उभ्या राहतात, कचऱ्याची गाडी कधी येते. ही यादी करायला दोन माणसं आणि एक दिवस पुरतो. ती नसेल तर पुढे सहा महिने रोज भांडणं.

पायरी २: चौकाचं गणित मांडा

इथे घाई करू नका, कारण सगळा डाव इथेच लागतो.

सिग्नल हिरवा असताना एका मार्गिकेतून तासाला साधारण १,८०० गाड्या सुटू शकतात. पण हिरवा तासभर नसतो. समजा तीन मार्गिका आहेत, सिग्नलचं पूर्ण चक्र १२० सेकंदांचं आहे आणि आपल्या बाजूला ४० सेकंद हिरवा मिळतो. मग त्या हातावरून तासाला ३ × १,८०० × ४०/१२०, म्हणजे १,८०० गाड्या निघतात. येतात १,५००. सगळं सुरळीत.

आता पत्र्यांनी एक मार्गिका खाल्ली. दोन मार्गिकांतून त्याच ४० सेकंदांत १,२०० निघतील. येणाऱ्या अजून १,५००. तासाला ३०० गाड्या शिल्लक राहणार. रांगेत एक कार पुढचं अंतर धरून सात मीटर जागा घेते. दोन मार्गिकांत ३०० गाड्या म्हणजे एका तासात १,०५० मीटरांची रांग. ही रांग मागचा चौक केव्हाच ओलांडून गेलेली असते, आणि ज्यांना आपल्या रस्त्याशी काही देणंघेणं नाही अशा आडव्या रस्त्यांवरच्या गाड्याही ती अडवते. शहर ठप्प होतं ते असं: एका चौकातली ३०० गाड्यांची तूट दुसऱ्या चौकाच्या पोटात शिरते.

याच उदाहरणात हिरवा दिवा ४० वरून ५० सेकंद करून पाहा. २ × १,८०० × ५०/१२० म्हणजे १,५००. तूट संपली. दहा सेकंदांत! अर्थात ते दहा सेकंद आडव्या रस्त्याच्या वाट्यातून काढायचे असतात, म्हणून त्याचंही असंच गणित मांडायचं. शिवाय आकडे काठावर बसवून समाधान मानू नये. थोडी सैल जागा लागतेच. आणि हेही लक्षात घ्या, की थांबरेषेजवळ एक टेम्पो उभा राहिला तर दोनातली एक मार्गिका गेली. अख्ख्या रस्त्यावर पार्किंग बंदी लावायला मनुष्यबळ नसेल तर निदान थांबरेषेमागचे पन्नास-साठ मीटर आणि चौकानंतरचे तेवढेच मीटर लोखंडासारखे मोकळे ठेवा.

सिग्नलचं चक्र लांबवून प्रश्न सुटेल असं वाटतं. काही प्रमाणात सुटतोही. ब्रिटिश वाहतूक संशोधक वेबस्टर यांनी १९५८मध्ये दिलेलं सूत्र आजही वापरतात: प्रत्येक चक्रात दिवे बदलताना वाया जाणाऱ्या सेकंदांची दीडपट करा, त्यात ५ मिळवा, आणि १ मधून चौकावरच्या भाराचं प्रमाण (प्रत्येक टप्प्यात येणाऱ्या गाड्या भागिले सतत हिरवा असता तर सुटल्या असत्या तेवढ्या गाड्या, या सगळ्यांची बेरीज) वजा करून येणाऱ्या आकड्याने भागा. वाया वेळ १२ सेकंद आणि भार ०.८ असेल तर चक्र येतं ११५ सेकंदांचं. एक मार्गिका गेल्यामुळे भार ०.९ झाला की तेच चक्र २३० सेकंद! म्हणजे जवळजवळ चार मिनिटं. तेवढा वेळ लाल दिव्याला कुणी थांबत नाही, पादचारी तर नाहीच, आणि वळणाऱ्यांची रांग सरळवाल्यांच्या मार्गिकेत सांडते. भार ०.९च्या आसपास गेला की सिग्नलशी खेळणं थांबवा आणि भार कमी करा.

भार कमी करण्याचा सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे एखादं वळण बंद करणं. चार टप्प्यांचा सिग्नल तीन टप्प्यांचा होतो, वाया जाणारे सेकंद वाचतात. वळणाऱ्यांना पुढे जाऊन यू-टर्न घ्यायला लावा. मात्र त्या यू-टर्नला किती जागा आहे, तिथे रांग लागली तर ती कुठवर जाईल, हे आधी पाहा. नाहीतर कोंडी फक्त पत्ता बदलते.

आणि कधीकधी मुद्दाम अडवावं लागतं. गाड्या कुठेतरी थांबणारच असतील, तर जिथे रांगेला जागा आहे, जिथे रुग्णालयाचं फाटक किंवा अरुंद चौक नाही, अशा ठिकाणी एक-दोन चौक आधीच लाल थोडा लांबवायचा. ज्यूरिख शहरात गजबजलेल्या भागाच्या वेशीवर असं नियंत्रण करतात. लोकांना ते पटवणं अवघड जातं, कारण समोर रस्ता रिकामा दिसत असताना लाल दिवा दिसतो. पण समोरचा रस्ता रिकामा दिसतोय म्हणजेच ते काम करतंय.

पायरी ३: कामाचे तुकडे वाहतुकीच्या सोयीने पाडा

बांधकामवाल्याला सगळा पट्टा एकदम हवा असतो. त्याच्या बाजूने ते बरोबर आहे. तुमचा प्रश्न असा असायला हवा: "या दोनशे मीटरांत पुढच्या तीस दिवसांत प्रत्यक्ष कोणतं यंत्र उभं राहणार?" उत्तर आलं नाही तर पत्रे नाहीत. काम न चालता बंद असलेला रस्ता पाहून लोकांचा जेवढा संताप होतो, तेवढा कोंडीनेही होत नाही.

सगळ्यात जास्त वेळ खातात त्या जमिनीखालच्या वाहिन्या. नकाशात जलवाहिनी एका जागी असते, खोदल्यावर दुसऱ्या. त्यासाठी मुख्य पत्रे लावण्याआधी, रात्रीच्या वेळी छोटे चाचणी खड्डे घेऊन पाणी, सांडपाणी, वीज, गॅस आणि दूरध्वनीच्या वाहिन्या शोधून घ्याव्यात, आणि हलवायच्या त्या आधी हलवाव्यात. हा एक टप्पा उरकल्याशिवाय मोठा रस्ता अडवू देणं म्हणजे तारीख न टाकता चेक देणं.

भुयारी स्थानकासाठी वरून खोदायचं असेल तर रस्ता वर्षानुवर्षं उघडा ठेवण्याची गरज नसते. निम्म्या रुंदीत बाजूच्या भिंती आणि वरचं छत आधी करून त्यावरून वाहतूक सुरू करायची, मग दुसरी अर्धी बाजू, आणि उरलेली खोदाई छताखालून. किंवा खड्ड्यावर तात्पुरता पोलादी-काँक्रीटचा फरशीपूल टाकायचा. खर्च वाढतो, पण रस्ता परत मिळतो.

थोड्या दिवसांसाठी पूर्ण बंद की बऱ्याच दिवसांसाठी अर्धवट बंद? माझा कल पहिल्याकडे आहे, अट एवढीच की पर्याय तयार हवेत. २०११च्या जुलैमध्ये लॉस एंजेलिसमध्ये आय-४०५ महामार्गाचा सुमारे १६ किलोमीटरांचा पट्टा एका पुलाचा भाग पाडण्यासाठी शनिवार-रविवार धरून ५३ तास बंद ठेवायचं ठरलं. हाहाकार होणार असं भाकीत होतं. लोकांनी गाड्याच बाहेर काढल्या नाहीत, आणि काम ठरल्यापेक्षा जवळपास १७ तास आधी संपलं. हेच काम रोज रात्री दोन-दोन मार्गिका अडवून केलं असतं तर किती महिने गेले असते कोण जाणे.

वेळेला किंमत लावणं हा दुसरा उपाय. जानेवारी १९९४च्या नॉर्थरिज भूकंपात त्याच शहरातल्या सांता मोनिका महामार्गाचे पूल पडले. कंत्राटात १४० दिवसांची मुदत होती आणि आधी संपवलेल्या प्रत्येक दिवसाला २ लाख डॉलरचं बक्षीस, उशिराला तेवढाच दंड. काम ६६ दिवसांत झालं. लंडनमध्ये २०१२पासून उलट बाजूने हाच विचार वापरतात: गर्दीच्या रस्त्यावर गर्दीच्या वेळी खोदाई करायची तर दिवसाला भाडं भरा, रात्री केलंत तर सूट. कंत्राट लिहितानाच हे घालावं लागतं. सही झाल्यावर विनवण्या करून रस्ता लवकर परत मिळत नाही.

पायरी ४: वळवाट आधी, पत्रे नंतर

पर्यायी मार्ग नकाशावर बाणाने दाखवायला दोन मिनिटं लागतात. तो चालू अवस्थेत आणायला दोन महिने. खड्डे बुजवणं, गटारांची झाकणं रस्त्याच्या पातळीला आणणं, झाडांच्या खाली आलेल्या फांद्या, दिवे, दोन्ही बाजूंचं पार्किंग एका बाजूला करणं, चौकाचे कोपरे कापणं, तात्पुरता सिग्नल. हे सगळं पत्र्यांआधी.

कोपरे कापण्याबद्दल एक आकडा लक्षात ठेवा. युरोपातल्या नियमाप्रमाणे बसने १२.५ मीटर त्रिज्येच्या बाहेरच्या आणि ५.३ मीटर त्रिज्येच्या आतल्या वर्तुळांमधल्या पट्ट्यात वळता आलं पाहिजे. म्हणजे पूर्ण वळणात बसला ७.२ मीटर रुंदी लागू शकते, बस अडीच मीटर रुंद असली तरी! मागची चाकं पुढच्यांच्या मागोमाग जात नाहीत, आत ओढली जातात. म्हणून कागदावर "बस बसते" असं म्हणणाऱ्याला एका रिकाम्या बसमध्ये बसवा आणि पहाटे सगळा मार्ग फिरवून आणा. सोबत अग्निशमन दलाची सगळ्यात लांब गाडी.

हे मी शहाणपणाने नाही, चुकीने शिकलो. एका वळवाटेवर आम्ही रुंदी मोजली, वळणं मोजली, भार मोजला. उंची मोजली नाही. पहिल्याच दिवशी अकराच्या सुमारास एका कंटेनरच्या डोक्यात आडवी गेलेली केबल अडकली. पुढे जाता येईना, मागे दोनशे गाड्या. चालक खाली उतरून शांतपणे वर बघत उभा होता आणि मी त्याच्या नजरेला नजर देत नव्हतो. तेव्हापासून पाच मीटरांचा बांबू गाडीवर उभा बांधून मार्ग फिरतो. हास्यास्पद दिसतं, दिसू दे.

सगळ्यांना एकाच वळवाटेने पाठवू नका. तीन कडी कल्पून घ्या. शहरातून नुसतीच आरपार जाणारी अवजड वाहनं खूप दूरवरच, शहराच्या वेशीबाहेरच वळवायची. शहराच्या एका भागातून दुसऱ्या भागात जाणाऱ्या गाड्यांना दोन-तीन चौक आधी समांतर रस्ता द्यायचा. आणि ज्यांचं घर-दुकानच कामाच्या पट्ट्यात आहे त्यांना शेवटपर्यंत येऊ द्यायचं. लोक पत्र्यांजवळ पोहोचल्यावर वळतात, कारण पहिली पाटीच तिथे असते. पाटी निर्णयाच्या जागी हवी, अडथळ्याच्या जागी नव्हे.

आणि वस्तीतल्या गल्ल्या वाचवा. मोबाइलवरचे नकाशे गाड्यांना बिनदिक्कत शाळेच्या गल्लीत घालतात. कोणत्या गल्ल्यांत गाड्या शिरतील हे आधीच ओळखून तिथे एकेरी वाहतूक, गतिरोधक किंवा आत शिरायला बंदी ठेवा. वळवाट जाहीर झाल्यावर रहिवासी तुमच्याकडे येण्याआधी तुम्ही त्यांच्याकडे जा.

पायरी ५: पत्रे कसे लावायचे

कामाच्या जागेचे चार भाग असतात: आगाऊ सूचनेचा, मार्गिका सरकवण्याचा, प्रत्यक्ष कामाचा आणि शेवटी पुन्हा मूळ मार्गिकेत येण्याचा. बहुतेक ठिकाणी पहिल्या दोहोंना जागाच दिलेली नसते. चालकाला अचानक पत्रा दिसतो, तो ब्रेक दाबतो, मागचा आणखी जोरात दाबतो.

मार्गिका सरकवायला तिरकी लांबी किती ठेवायची यासाठी अमेरिकेच्या एमयूटीसीडी या नियमावलीतलं सूत्र सोपं आहे. ताशी ६० किलोमीटरपर्यंतच्या वेगाला, बंद होणाऱ्या मार्गिकेची मीटरमधली रुंदी गुणिले वेगाचा वर्ग, भागिले १५५. साडेतीन मीटरांची मार्गिका आणि ५० चा वेग असेल तर ५६ मीटर. ४० चा वेग असेल तर ३६. म्हणजे वेग आधीच कमी करून घेतला की जागाही कमी लागते.

जिथे दोन मार्गिकांची एक होते तिथे लोक खूप आधीपासून एका बाजूला चिकटतात आणि दुसरी मार्गिका रिकामी राहते. हा साळसूदपणा महागात पडतो, रांग दुप्पट लांब होते. दाट वाहतुकीत दोन्ही मार्गिका शेवटपर्यंत वापराव्यात आणि तोंडाशी एक इकडची, एक तिकडची असं बॅगेच्या चेनसारखं मिसळावं. जर्मनीत हे वाहतूक कायद्यातच आहे. आपण निदान "दोन्ही रांगा वापरा" आणि पुढे "इथे आळीपाळीने" अशा दोन पाट्या लावू शकतो. जी गाडी रिकाम्या मार्गिकेतून पुढे येते तिला मग कुणी घुसखोर समजत नाही.

चौकाजवळच्या शेवटच्या पंधरा-वीस मीटरांत पत्र्यांऐवजी जाळी लावा. पत्र्याआडून अचानक बाहेर पडणारं मूल चालकाला दिसत नाही, आणि मुलालाही गाडी दिसत नाही. रात्री परावर्तक पट्ट्या रोज पुसाव्या लागतात. धुळीने त्या आठवड्यात मेलेल्या असतात. पत्र्यांच्या पायाशी पाणी जायला फटी ठेवा, नाहीतर पहिल्या पावसात उरलेली मार्गिकाही तळं होते.

फाटकाचाही विचार करा. एका खांबासाठी १.२ मीटर व्यासाची, २५ मीटर खोल पाइल (पायासाठी जमिनीत ओतलेला काँक्रीटचा खांब) घेतली तर तिला २८ घनमीटरांहून थोडं जास्त काँक्रीट लागतं. सहा घनमीटरांचा मिक्सर धरला तर पाच गाड्या, आणि ओतणं मध्ये थांबवून चालत नाही. म्हणजे पाचही मिक्सर जवळपास कुठेतरी उभे असणार. ती जागा तुम्ही दिली नाहीत तर ते उरलेल्या मार्गिकेत उभे राहतील. दूर एखादं मैदान थांब्यासाठी ठरवा, तिथून फोनवर एकेक गाडी बोलवा, आणि फाटक असं ठेवा की मिक्सर वाहतुकीच्या दिशेनेच आत जाईल आणि पुढून बाहेर पडेल. रस्त्यात उलटा मागे घेणारा मिक्सर दिसला की ओळखा, फाटकाची जागा चुकली.

पायरी ६: चालणाऱ्यांना आणि बसला आधी जागा

पदपथ सगळ्यात आधी जातो, कारण तो तक्रार करत नाही. मग माणसं गाड्यांच्या मार्गिकेत उतरतात आणि तुम्ही कष्टाने वाचवलेली मार्गिका अर्धी होते. दीड मीटरांची सलग, सपाट, उजेडाची वाट ठेवा, गाड्यांपासून कठड्याने वेगळी. चाकाच्या खुर्चीला चढता येईल असा उतार द्या. रस्ता ओलांडायची नेहमीची जागा बंद केलीत तर शंभर-दीडशे मीटरांत दुसरी द्या. नाही दिलीत तर लोक पत्र्यांमध्ये फट पाडतात. ती फट बुजवू नका, आधी तिच्याजवळ तासभर उभे राहा. पाडणाऱ्यांनी रस्ता ओलांडायची बरोबर जागा तुम्हाला दाखवलेली असते.

बसचं गणित वेगळं आहे. एका फेरीला ६० मिनिटं लागत असतील तर सहा बसमध्ये दर १० मिनिटांना बस मिळते. कामामुळे फेरी ७५ मिनिटांची झाली तर त्याच सहा बस साडेबारा मिनिटांनी येतील. बस उशिरा आणि भरून आली की प्रवासी दुचाकी काढतो, आणि ती दुचाकी त्याच रस्त्यावर येते. म्हणून पत्रे लागण्याच्या दिवशी दोन बस जास्त हव्यात. त्या बसना चौकाआधी साठ-सत्तर मीटरांची वेगळी मार्गिका देता आली तर उत्तमच. पूर्ण रस्ताभर देणं जमलं नाही तरी रांगेचं तोंड ओलांडता आलं की पुरतं. थांबे मात्र चौकापलीकडे न्या, आणि जुन्या थांब्यावर नव्या थांब्याचा बाण लावा. तो बाण लावायला सगळे विसरतात.

माल उतरवण्याची वेळ दुकानदारांशी बोलून पहाटे किंवा दुपारी ठरवून घ्यावी, ठरावीक खाचेत. नुसती बंदी घालून माल यायचा थांबत नाही.

पायरी ७: सांगणं

तारीख, वेळ, कोणता हात बंद, कोणता सुरू, बस कुठून जाईल. एवढंच, एका चित्रात. तीन आठवडे आधी, एक आठवडा आधी, आणि आदल्या दिवशी. नकाशांच्या कंपन्यांना बंद रस्त्याची माहिती पत्रे लागण्याच्या रात्रीच गेली पाहिजे आणि रस्ता उघडला की तासाभरात मागे घेतली पाहिजे. तारीख पुढे ढकलली गेली तर तेही मोठ्याने सांगा. एकदा भीती दाखवून काहीच झालं नाही, तर दुसऱ्यांदा कुणी ऐकत नाही.

लोक ऐकतात आणि वाट बदलतात, हे गृहीत धरायला हरकत नाही. रस्त्यांची क्षमता कमी केल्यावर काय होतं याचा ब्रिटनमध्ये मोठा अभ्यास झाला. त्यातल्या निम्म्या ठिकाणी आधीच्या गाड्यांपैकी ११ टक्क्यांहून अधिक गाड्या आजूबाजूच्या रस्त्यांवरही सापडल्या नाहीत. सिअॅटलमध्ये जानेवारी २०१९मध्ये दिवसाला सुमारे ९० हजार गाड्या वाहून नेणारा किनाऱ्यालगतचा उन्नत मार्ग कायमचा बंद झाला आणि नवा बोगदा उघडेपर्यंतचे तीन आठवडे शहराने काढले. लोकांनी वेळ बदलली, बस-रेल्वे धरली, घरून काम केलं. पण या आशेवर योजना आखायची नाही. हा वाचलेला भार म्हणजे तुमची गंगाजळी. पावसाच्या दिवशी लागते.

पायरी ८: पहिले दहा दिवस, आणि मग रोज

पत्रे शक्यतो शुक्रवारी रात्री लावा, म्हणजे शनिवार-रविवारी कमी गर्दीत चुका दिसतात. सोमवारी सकाळी सातपासून प्रत्येक अवघड चौकात माणूस हवा. नुसता शिट्टी वाजवणारा चालणार नाही; सिग्नलच्या वेळा बदलण्याचा अधिकार असलेल्या माणसाशी त्याचा फोन जोडलेला हवा. काय दिसलं की काय करायचं हे आधी लिहून ठेवा: रांग अमुक झाडापर्यंत आली तर हिरवा दहा सेकंद वाढव, पुढच्या चौकापर्यंत आली तर अवजड वाहनं थांबव, रुग्णवाहिका अडकली तर पत्र्यांमधलं अमुक फाटक उघड. खाणाखुणा झाडाच्या, खांबाच्या असाव्यात. "रांग साडेतीनशे मीटर" हे रस्त्यावर उभ्या माणसाला दिसत नाही.

क्रेनची गाडी दोन्ही टोकांना एकेक, चालक आत बसलेला. दोन मार्गिकांच्या रस्त्यावर बंद पडलेली बस वीस मिनिटं राहिली तर तिची किंमत तासभर मोजावी लागते, कारण साठलेली रांग बस हलल्यावरही लगेच विरत नाही.

दहा दिवसांनी पुन्हा मोजणी करा, पायरी १ मधल्याच चौकांत, त्याच वेळांना. आकडे बदललेले असतील. मग सिग्नल पुन्हा बसवा. त्यानंतर आठवड्यातून एकदा रात्री पूर्ण पट्टा चालत फिरा: विझलेले दिवे, सरकलेले पत्रे, पाट्यांवर चिकटलेल्या जाहिराती, मिक्सरमधून सांडून घट्ट झालेलं काँक्रीट, आणि ज्या पत्र्यांमागे तीन आठवड्यांत कुणी फिरकलं नाही असे पत्रे. त्या शेवटच्यांची यादी कंत्राटदाराला द्या आणि ते पत्रे आत घेण्याची तारीख लिहून घ्या. दोन मीटर मिळाले तरी घ्या.

पायरी ९: रस्ता परत घेताना

पत्रे निघतात त्या रात्री सगळे फोटो काढतात आणि घरी जातात. तुमचं काम अजून दोन आठवडे आहे. वळवाटेवरच्या तात्पुरत्या पाट्या काढा, जुने पिवळे पट्टे खरवडून काढा. वरून काळा रंग फासला तर पावसात आणि समोरच्या दिव्यांत तेच पट्टे पुन्हा चमकतात आणि चालकाला नसलेल्या मार्गिकेत नेतात. वाहिन्यांसाठी खोदलेले चर थरांत दाबून भरले आहेत का हे डांबर पडायच्या आधी पाहा. नंतर दिसतं ते फक्त खचणं.

सिग्नलच्या जुन्या वेळा मात्र डोळे झाकून परत लावू नका. लंडनमध्ये फेब्रुवारी २०१४च्या भुयारी रेल्वेच्या संपानंतर संशोधकांनी तिकिटांच्या नोंदी तपासल्या तेव्हा सुमारे ५ टक्के प्रवासी संप मिटल्यावरही नव्या वाटेनेच जात राहिल्याचं दिसलं. नाइलाजाने शोधलेली वाट त्यांना आधीच्यापेक्षा बरी वाटली होती. दोन-तीन वर्षांच्या बांधकामानंतर किती लोकांच्या वाटा बदलल्या असतील? ते कळायला पुन्हा त्याच चौकांत, पंधरा-पंधरा मिनिटांचे तक्ते घेऊन उभं राहावं लागतं. कामापुरती दिलेली बसची साठ मीटरांची मार्गिका या मोजणीपर्यंत पुसू देऊ नका.